चित्रातला उजेड कुठल्या वेळचा?



आज आम्ही एका चित्राबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, बचत गटाला चित्राशी काय काम? पण त्या चित्राला भुलून आमच्या गटाचे वर्षानुवर्षांचे पैसे भलत्याच ठिकाणी पुरले जाणार होते, म्हणून सांगतो.

आम्हाला शेड बांधायची आहे. मिरची, मसाला, पापड, कुरडया ही कामं आजवर कुणाच्या तरी सोप्यात चालायची. आता जागा मिळाली, बँकेनं कर्जाला हो म्हटलं, आणि तालुक्याच्या गावी नकाशा काढून घेतला. तो बैठकीत पसरला तर सगळ्या गप्प! नुसत्या रेघा आणि आकडे. मग दुसऱ्या खेपेला त्याच शेडचं रंगीत थ्रीडी चित्र आलं. काय सांगावं! संध्याकाळची वेळ, सोनेरी उजेड, मागचा वाळवणाचा ओटा उन्हात न्हालेला, पश्चिमेच्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे फरशीवर आलेले, लांब झाडांत हलकं धुकं. बघताक्षणी हात वर झाले. आमचाही झाला, खोटं कशाला बोला.

आमच्यातल्या एक आत्या मात्र चष्मा पुसत म्हणाल्या, "ओटा शेडच्या मागं, म्हणजे उत्तरेला. मग तिथं ऊन आलं कुठनं?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. गटातल्या एका ताईंची लेक पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकते, तिला सुट्टीत लॅपटॉप घेऊन बोलावलं. असं चित्र कसं करतात ते तिनं आमच्यासमोर करून दाखवलं. तिच्याकडे ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, २००२ पासून सगळ्यांना खुलं आहे. आधी नकाशाच्या मापानं भिंती उभ्या करायच्या, वर पत्रा घालायचा. मग प्रत्येक वस्तूला अंग द्यायचं: पत्रा चकाकणारा, भिंत खरबरीत, फरशी गुळगुळीत. इथपर्यंत सगळं मातीच्या खेळण्यातल्या घरासारखं दिसतं. जीव येतो तो उजेडानं.

आणि तो उजेड चित्र काढणारा लावतो. सूर्य कुठं ठेवायचा, किती तांबूस करायचा, हे त्याच्या हातात. मग कॉम्प्युटर एकेका किरणाचा हिशोब करतो: किरण कुठं आपटला, तिथून उडून कुठं गेला. पांढऱ्या भिंतीशेजारी हळदीची रास ओतली की भिंतीवर पिवळी झाक येते ना, तसली झाकसुद्धा त्यात उतरते. या हिशोबाला रेंडरिंग म्हणतात. आधी चित्र रव्यासारखं दाणेदार दिसतं, हिशोब वाढेल तसं नितळ होत जातं. तिच्या जुन्या लॅपटॉपला एका चित्राला रात्रभर लागली.

धुक्याची गंमत वेगळी. आपल्या घरात कौलाच्या फटीतून कवडसा येतो. चुलीचा धूर असला की त्याचा खांबच उभा राहतो, आणि धूर नसला की फक्त जमिनीवरचा ठिपका दिसतो. कॉम्प्युटरमध्येही हवेत थोडा धूर सोडावा लागतो, तेव्हा उन्हाचे पट्टे दिसतात. चित्राला जो 'माहोल' येतो तो यातूनच. आमच्या मते ही काही लबाडी नाही, पोरीनं केलेलं बघून आम्हाला तर कौतुकच वाटलं. पण हा माहोल एका घटकेचा असतो, आणि कधी कधी आपल्या गावात ती घटका उगवतच नाही.

ब्लेंडरमध्ये सन पोझिशन नावाची एक जोड आहे. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ घातली की सूर्य त्या वेळी खरोखर जिथं असेल तिथं जाऊन बसतो. आमचा भाग सोलापूरकडचा, अक्षांश साधारण साडेसतरा. पोरीनं १५ जानेवारी, दुपारी साडेबारा, असं घातलं. सोनेरी ओटा काळवंडला! आमची भिंत १२ फूट उंच. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे भर दुपारीसुद्धा भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ १० फूट पडते. आमचा ओटा भिंतीला लागून, १२ फूट रुंद. म्हणजे ऐन मिरचीच्या दिवसांत उन्हाला जेमतेम २ फुटांची पट्टी. मेच्या १० तारखेच्या आसपास आपल्याकडे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा तो ओटा चालला असता. पण तोवर निम्मा हंगाम सरलेला.

मग एप्रिल, दुपारी ४ वाजता, असं घालून आतलं चित्र काढलं. पश्चिमेच्या खिडक्यांतले ते देखणे पट्टे थेट लाटणाऱ्यांच्या तोंडावर! पापडाचं पीठ तिथं सुकून चिरा पडल्या असत्या, बायांचं तर विचारूच नका.

बदल फार मोठा नव्हता. दक्षिणेला पाण्याची टाकी दाखवली होती, तिची आणि ओट्याची अदलाबदल केली. पश्चिमेच्या खिडक्या बुजवून उत्तरेला घेतल्या, तिथून ऊन फारसं न येता मऊ उजेड मिळतो. कॉम्प्युटरवर हे एका संध्याकाळचं काम. पाया भरल्यावर लक्षात आलं असतं तर?

आणखी एक खोड कळली. चित्रातला कॅमेरा भिंगाचा असतो, रुंद भिंग लावलं की १० फुटांची खोली सभागृह वाटते. म्हणून पोरीला आम्ही खोलीत आपलं पोळपाट, एक घागर आणि ५ फुटी बाई ठेवायला लावली. मग खोली खोलीएवढी झाली. चित्रातली तीन झाडंही काढायला लावली, कारण जागेवर एक बाभूळ सोडली तर काही नाही.

ज्यांची मुलं पुण्या-मुंबईकडे फ्लॅट बघताहेत त्यांनीही हे ध्यानात ठेवा. माहितीपुस्तिकेतली चित्रं अशीच केलेली असतात, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'कलाकाराची कल्पना' असं लिहिलेलं असतं. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १२ व्या कलमात जाहिरातीतल्या किंवा पुस्तिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे. म्हणून ती पुस्तिका रद्दीत घालू नका.

तुमचा गट शेड, अंगणवाडी, सभागृह काहीही बांधत असला, तर चित्र जरूर मागा. नकाशा न कळणाऱ्या आम्ही सगळ्या जणी चित्रामुळेच बोलत्या झालो. फक्त काढणाऱ्याला सांगा: कॅमेरा एकाच जागी, आपल्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा आणि तीन चित्रं द्या. जानेवारीची सकाळ, एप्रिलची दुपार, आणि तुमच्या आवडीची कुठलीही वेळ. उत्तर कुठल्या बाजूला ते चित्रावर लिहून घ्या. त्याला जमणार नसेल तर चित्र घेऊन जागेवर जा, काठी रोवा आणि सावली बघा. आमच्या आत्यांनी काठीसुद्धा रोवली नव्हती.

ते पहिलं सोनेरी चित्र आम्ही टाकून दिलेलं नाही, गटाच्या कपाटावर चिकटवलं आहे. खाली पेननं लिहिलं आहे: 'ओटा इथं नाही.' पुढच्या आठवड्यात चुन्याची आखणी आहे. दोरी धरायला आत्यांना सांगितलं आहे.