घरची मराठी, अंगणवाडीचे कन्नड

हुबळी-धारवाडच्या मराठी घरात मूल बोलू लागते तेव्हा त्याच्या कानावर निदान दोन भाषा पडत असतात. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. काही गल्ल्यांत उर्दू किंवा कोकणीही. मूल दूध मराठीत मागते आणि शेजारच्या पोराला ‘बा’ म्हणून कन्नडमध्ये बोलावते. हा गोंधळ नव्हे. दोन भाषा एकदम शिकणारी मुले अशीच शिकतात. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे 1896 साली धारवाडातल्या मराठी बोलणाऱ्या घरातच जन्मले होते.

वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो, दोन वर्षांच्या आसपास दोन शब्द जोडले जातात: ‘आई मम्मं’, ‘बाबा भूर’. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. नुसते कन्नड शब्द मोजले तर अंगणवाडीच्या बाईंना मूल मागे वाटते, नुसते मराठी मोजले तर आजीला.

दाराकडे बोट दाखवून ‘भूर’ म्हणणाऱ्या मुलाला बाहेर जायचे आहे, हे कन्नडभाषक बाईंना कोण सांगणार? म्हणून पाळणाघर किंवा अंगणवाडी सुरू होताच मुलाचे नेहमीचे शब्द घरच्यांनी अर्थासह सांगून ठेवावेत. मग बाई ‘होरगे होगोणा’ म्हणत त्याचा हात धरतात आणि मुलाला नव्या भाषेतले वाक्य ऐन गरजेच्या वेळी मिळते. बाईंनीही त्या आठवड्यात काय दाखवले ते घरी कळवावे. सकाळी चित्रात पाहिलेले वांगे संध्याकाळी आईच्या विळीवर दिसले, की त्याच्यावर मराठीत भरपूर बोलता येते. ‘घरीही कन्नड किंवा इंग्रजीच बोला’ हा सल्ला मात्र चुकीचा. जी भाषा आईला सहज येते, तिच्यातच ती रागावते, चिडवते, गोष्ट सांगते. अडखळत्या परभाषेत बोलणेच आटते.

अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तिच्यात पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळते. त्याआधी बाईंची आणि पालकांची गाठ पडते ती पोषण आहार, वजन आणि लसीकरणाच्या निमित्ताने. वजनकाट्याजवळची ती पाच मिनिटे बोलण्यासाठी वापरता येतात. तीन वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात गृहभेटींत पालकांना करून दाखवायचे खेळ आहेत. पालकांना धरून चालायचा हा विचार जुनाच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला बालवाडी थेट मुलांच्या अंगणात नेली होती.

दोन वर्षे उलटूनही मूल शब्द जोडत नसेल, किंवा हाकेला वळत नसेल, तर ‘दोन भाषांमुळे उशीर होतो’ म्हणून थांबू नये. आधी कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. मूल घोळक्यात कसे ऐकते हे बाईंना ठाऊक असते, घरात कसे ऐकते हे आईला. पथकापुढे दोघींनी मिळून सांगावे.