लेकरू गावात ठेवायचं, तर खर्च कोणाचा?

(ग्रामसंघाच्या वार्षिक सभेतलं भाषण)



आज बचतीवर बोलणार नाही. ते तुम्हीच मला शिकवता. आज शाळेच्या हजेरीचं बोलायचंय.

लेकरू शाळेत टिकावं म्हणून सरकार खर्च करतं. पुस्तकं, गणवेश, दुपारची खिचडी. खिचडी तर आपल्यातलेच काही गट शिजवतात. १९९२ मध्ये पहिली ते चौथीच्या ठरावीक गटांतल्या मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया भत्ता सुरू झाला. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. तेव्हा रुपयाला काहीतरी किंमत होती. आता एक चॉकलेट येतं, तेही लहान.

पण आपल्या बीडकडं लेकरं शाळा बुडवतात ती रुपयासाठी नव्हे. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि वर्ग अर्धा होतो.

गेल्या वर्षी मी एका वस्तीवर गेले आणि भाषण ठोकलं. लेकरं फडावर नेऊ नका, ६ ते १४ वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, वगैरे. एक आजी शांतपणे म्हणाल्या, "बाई, तू ठेवून घेतीस का?"

मग आम्ही दोघींनी कागदावर हिशोब मांडला. सकाळ-संध्याकाळचं जेवण, तेल, साबण, दवाखाना. लेकरासाठी घरी थांबायचं, तर आजींची स्वतःची रोजंदारीही बुडणार. आणि खरी गोष्ट शेवटी निघाली: नऊ वर्षांची नात फडावर धाकट्याला सांभाळते. ती गावात राहिली तर सुनेनं बाळ पाठीला बांधून ऊस तोडायचा का? उचल तर नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलेली. मला उत्तर देता आलं नाही. शाळेला न पाठवणारी आई बेफिकीर असते, हे माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेलं.

यातल्या जेवणाच्या खर्चासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. आई-बाप तोडीला गेले की मुलाला गावातच जेवण मिळतं, झोपायला ते आजीकडं. पण मागच्या हंगामात आपल्या भागातल्या एका गावात जेवण सुरू झालं तेव्हा टोळ्या जाऊन महिना झाला होता. गुरुजी हजर, वर्ग उघडा, स्वयंपाक तयार, आणि लेकरं कारखान्याच्या वाटेवर. उशीर करून सरकारचा पैसा वाचला का? पगार तर द्यावाच लागला.

म्हणून यादी आधी जायला हवी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदाच सांगतो. आपल्यातल्या किती जणी तिथं आहेत? हात वर करा. ...बघा, सात. आणि बैठकीत बोलल्या किती? हसू नका, मलाही पहिल्या बैठकीत तोंड उघडता आलं नव्हतं.

तान्ह्या बाळाचं काय, हे अजून सुटलेलं नाही. तो मुद्दा ठरावात वेगळा लिहायचा, गाळायचा नाही.

कोरे कागद आणलेत. कुठलं घर जाणार, लेकरं किती, कितवीत, मागं आजी-आजोबा आहेत का, धाकटं कोण सांभाळतं, एवढंच भरा. पोळ्यानंतरच्या सोमवारी मी कागद गोळा करायला येते.