नाव खोडल्याने ओळख पुसत नाही



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! रुग्णांची माहिती संशोधनासाठी देताना तिची गुप्तता कशी जपावी, हा आपल्या संमेलनाचा विषय आहे. त्याला परळइतकी योग्य जागा नाही. केईएम रुग्णालय इथे १९२६ पासून आहे, टाटा मेमोरियल हे कर्करोग रुग्णालय १९४१ पासून. देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणीही इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईतच सुरू केली. या नोंदींमुळे रोगाचा माग लागतो, उपचार सुधारतात. म्हणून माहिती कुलुपात ठेवा, असे मी म्हणणार नाही.

पण मुंबईने १८९६ चा प्लेगही पाहिला आहे. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवू लागल्यावर लोक आजार लपवू लागले. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. विश्वास उडाला की नोंदही खोटी होते.

आज धोका वेगळा आहे. यादीतले नाव खोडले, तरी ४३ वर्षांची स्त्री, पिनकोड ४०००१२ आणि एखादा दुर्मीळ कर्करोग एवढे उरले, तर चाळीतल्या कुणालाही ती ओळखता येईल. म्हणून नेमक्या वयाऐवजी वयोगट द्यावा, पिनकोडऐवजी मोठा विभाग द्यावा आणि ज्या गटात मोजकीच माणसे आहेत, तो गट वगळावा.

एवढ्यानेही भागत नाही. अमुक वस्तीत क्षयरोग जास्त, असा निष्कर्ष आरोग्यसेवेच्या हाती पडला तर तिथे दवाखाना निघेल. तोच विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडला तर साऱ्या वस्तीवर शिक्का बसेल. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. वस्तीविषयीची अशी अट आपणच स्वतःला घालून घेतली पाहिजे. कोणते निष्कर्ष कुणाला द्यायचे, हे माहिती देण्याआधीच ठरायला हवे.

लहानातल्या लहान रुग्णालयालाही पाळता येईल अशी नियमावली या चर्चेतून तयार व्हावी, ही आपणा सर्वांना कळकळीची विनंती. आपल्या पाहुणचारात काही उणे राहिले तर हक्काने सांगा.