नव्या किडनीनंतरचे दिवस



किडन्या निकामी झाल्या की तरुण बाईची पाळी बिघडते. डायलिसिसवर ती पुष्कळदा थांबतेच, आणि घरात मुलाबाळांचा विषय बंद होतो. मग आईची किंवा नवऱ्याची किडनी मिळते, रक्त शुद्ध होऊ लागतं आणि काही महिन्यांत, कधी दुसऱ्याच महिन्यात, बीजकोश पुन्हा कामाला लागतात. पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटलेलं असतं. ‘पाळीच नाही, तर दिवस कसे जातील?’ हा भरवसा इथे घात करतो.

नेमक्या याच काळात तिच्या पोटात मायकोफेनोलेट जात असतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून ते आवश्यक असतं. पण गर्भाला ते घातक आहे. गर्भपाताचा धोका वाढतो, बाळाचे कान नीट घडत नाहीत, ओठ किंवा टाळू दुभंगतो. म्हणून मूल हवं असेल तर किमान सहा आठवडे आधी ते बंद करून बहुधा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन ही सोबतची औषधं गरोदरपणातही चालू राहतात. हे बदल डॉक्टरांनीच करायचे. दिवस गेल्याचं कळताच घाबरून सगळ्या गोळ्या सोडल्या, तर किडनीच हातची जाऊ शकते.

अमेरिकेत एडिथ हेल्म यांना १९५६ साली जुळ्या बहिणीची किडनी बसवली आणि १९५८ मध्ये त्यांना मुलगा झाला. जुळी बहीण एकाच बीजातली, त्यामुळे या औषधांची गरजच नव्हती. त्यानंतर औषधं घेत असलेल्या हजारो स्त्रिया आई झाल्या आहेत. ट्रान्सप्लांटनंतर निदान वर्षभर थांबावं, क्रिएटिनिन स्थिर असावं, लघवीतून प्रथिनं फारशी जात नसावीत, रक्तदाब आटोक्यात असावा. एवढं सांभाळूनही रक्तदाब चढण्याचा धोका बराच राहतो आणि जवळपास निम्मी बाळं दिवस भरण्याआधी जन्मतात. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला असते, ती बाळाची वाट अडवत नाही. केवळ तिच्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही.

पुण्यात २०१७ साली डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने आईचं गर्भाशय मुलीला बसवलं आणि पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. त्या बातमीचा मलाही अभिमान वाटला. पण किडनी मिळालेल्या बाईला घरी सोडताना गर्भनिरोधनाबद्दल शांतपणे बोलणं, हे काम मला तितकंच मोलाचं वाटतं. तिच्यासाठी तांबी बहुधा चांगला उपाय ठरतो. हे बोलणं सासू आणि नवरा खोलीबाहेर असताना व्हावं. त्यांच्यासमोर ती ‘इतक्यात मूल नको’ म्हणू शकेलच असं नाही, आणि ‘मूल हवंय’ असंही नाही.

आणि दात्री? आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रियाच जास्त. बहिणीसाठी पुढे येणाऱ्या तरुण मुलीलाही पुढे बाळंतपण असतं. कॅनडातल्या ऑन्टारिओच्या एका अभ्यासात किडनी दिलेल्या स्त्रियांच्या ११ टक्के गरोदरपणांत रक्तदाबाचा त्रास झाला. न दिलेल्या निरोगी स्त्रियांत हे प्रमाण ५ टक्के होतं. बहुतेकींची बाळंतपणं सुखरूप झाली, हेही खरं. संमतीच्या कागदावर सही घेण्याआधी हे दोन्ही आकडे तिच्यासमोर ठेवले गेले पाहिजेत.