वाढत्या अंगाचे माप

मराठी घरांत मुलांचे कपडे शिवावयाला टाकताना एक सूचना पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे : 'वाढत्या अंगाचे शिवा.' शिंप्यालाही तिचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. झगा तो चार बोटे लांब ठेवतो, खालची दुमड रुंद घालतो आणि शिवणीच्या आत कापडाची एक पट्टी राखून ठेवतो. ह्या राखून ठेवलेल्या पट्टीला शिंप्यांच्या बोलीत 'माया' असे फार गोड नाव आहे. पुढल्या वर्षी मूल अंगाने भरले, की शिवण उसवून ती माया उपयोगात आणावयाची. काटकसर आणि वात्सल्य ह्यांचा असा मेळ दुसऱ्या कोणत्या शब्दात क्वचितच आढळेल.

परंतु एक पोशाख असा आहे, की ज्याच्या शिवणीत माया ठेवता येत नाही. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत मुली जो अंगालगत एकसंध पोशाख घालतात, तो लिओटार्ड होय. तो वाढत्या अंगाचा घेतला, तर आजच्या अंगाला होत नाही. आणि आजच्या अंगाचा घेतला, तर वर्षभरात पुरत नाही. ह्या पेचाशी आज अनेक मराठी घरांची गाठ पडते, आणि त्यांतील काही घरे महाराष्ट्रापासून दूर, बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड येथे आहेत.

व्हाइटफील्ड ही मुळात अँग्लो-इंडियन समाजाची शेतीप्रधान वसाहत. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर 1882 साली ती वसली आणि डी. एस. व्हाइट ह्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तेथे संगणक-उद्योगाची प्रचंड संकुले आणि उंच इमारती उभ्या आहेत. पुणे, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली तरुण कुटुंबे त्या इमारतींत राहतात. अशाच एखाद्या घरातील नऊ-दहा वर्षांची मुलगी संध्याकाळी जिम्नॅस्टिक्स शिकावयाला जाऊ लागते. पहिली स्पर्धा जवळ येते, पोशाख मागवावयाचा ठरतो, आणि गावी असलेली आजी दूरध्वनीवरून सवयीने सांगते, 'एक माप मोठेच घ्या गं, पोर वाढतीय.' आजीच्या ह्या सल्ल्यामागे आयुष्यभराचा अनुभव आहे. केवळ ह्या एका वस्त्राच्या बाबतीत तो लागू पडत नाही, इतकेच.

तो का लागू पडत नाही, हे कळण्यासाठी ह्या वस्त्राची जात पाहिली पाहिजे. लिओटार्ड हे नाव झूल लेओतार ह्या फ्रेंच कसरतपटूवरून पडले. 12 नोव्हेंबर 1859 रोजी पॅरिसच्या सर्कशीत त्याने एका झोक्यावरून सुटून दुसरा झोका हवेत पकडण्याचा खेळ प्रथम करून दाखविला. सैल कपडा दोरात अडकू नये, आणि शरीराची प्रत्येक हालचाल प्रेक्षकांना दिसावी, म्हणून तो अंगाला चिकटून बसणारा विणीचा एकसंध पोशाख घाली. म्हणजे ह्या वस्त्राचा जन्मच मुळी सुरक्षितता आणि स्पष्टता ह्या दोन गरजांतून झाला. पुढे 1958 साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स ह्या रसायनशास्त्रज्ञाने मूळ लांबीच्या पाचपटींहूनही अधिक ताणला जाणारा आणि पुन्हा पूर्ववत होणारा स्पँडेक्स हा धागा तयार केला. ह्या धाग्याचे कापड उभे-आडवे दोन्ही दिशांनी ताणते. त्यामुळे लिओटार्ड अंगाच्या मापापेक्षा किंचित कमीच बेतावा लागतो. अंगात गेल्यावर तो ताणून अंगाबेताचा होतो. इतर कपड्यांत अंगाभोवती मोकळी जागा असते. येथे ती शून्याच्याही खाली असते.

असा पोशाख एक माप मोठा घेतला, म्हणजे काय होते? पोटापाशी घड्या पडतात, गळा आणि पायाची कड उघडी राहते, खांद्यावरची पट्टी घसरते. दांडीभोवती फिरताना किंवा बीमवर उडी घेताना मुलीचे अर्धे लक्ष पट्टी सावरण्याकडे लागते. आधार देणाऱ्या प्रशिक्षिकेची बोटे सैल कापडात अडकू शकतात. उलट, गेल्या वर्षीचाच पोशाख ओढूनताणून घातला, तर पट्ट्या खांद्यांत रुततात, जांघेत कड काचते, कापड मागून वर सरकते, आणि हात उंचावताच सर्व शरीर खाली खेचल्यासारखे वाटते. दोन्ही प्रसंगी दोष कापडाचा. परंतु परीक्षकांसमोर अवघडलेली दिसते ती मुलगी.

नियमांचाही येथे संबंध येतो. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या 2022 ते 2024 ह्या काळासाठीच्या स्त्रियांच्या नियमावलीत पट्ट्यांची किमान रुंदी 2 सेंटीमीटर ठरविलेली होती, पायाकडील काप कमरेच्या हाडापलीकडे वर जाऊ नये असा दंडक होता, आणि अयोग्य पोशाखाबद्दल 0.30 गुण कापण्याची तरतूद होती. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु 2016 साली रिओ येथील ऑलिंपिकमध्ये त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत 15.066 गुण मिळाले आणि कांस्यपदक विजेतीला 15.216. पोशाखाशी त्या निकालाचा काही संबंध नव्हता. पण चौथे स्थान आणि पदक ह्यांच्यामधील ते अंतर 0.150 गुणांचे, म्हणजे पोशाखाच्या दंडाच्या निम्मे होते. ह्या खेळात गुणांचे मोल किती असते, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

मग माप घ्यावे कसे? वेष्टनावर छापलेले वय आणि मुलीची उंची ह्या दोन्ही गोष्टी येथे पुरेशा ठरत नाहीत. छाती, कंबर आणि नितंब ही तीन मापे घ्यावयाचीच. परंतु निर्णायक माप चौथे, ते धडाच्या वेढ्याचे. मुलीला पातळ कपड्यांत सरळ उभे करावे. मापाची टेप एका खांद्याच्या मध्यावर धरून समोरून खाली, दोन्ही पायांमधून, पाठीवरून वर, पुन्हा त्याच खांद्यावर आणावी. टेप अंगाला लागून असावी, पण रुतू नये. कोष्टकात छाती एक आकार दाखवीत असेल आणि वेढा दुसरा, तर वेढ्याचे ऐकावे. आडवे कापड थोडेफार सांभाळून घेते. उभे कापड मात्र खांदा आणि जांघ ह्या दोन टोकांना बांधलेले असते, त्याला पळवाट नसते.

वेढ्याचे महत्त्व शरीराच्या वाढीच्या रीतीतही आहे. मुलींची उंची बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. त्या काळात वर्षाला आठ सेंटीमीटरच्या आसपास भर पडू शकते. परंतु सर्व अवयव एकाच वेळी वाढत नाहीत. आधी पाय लांबतात, धड मागाहून वाढते. म्हणून भिंतीवरची उंचीची रेघ झपाट्याने वर जात असते, तेव्हा पोशाख तसाच होत असतो. आणि रेघेचा वेग मंदावला, आता काही काळजी नाही, असे आईला वाटू लागते, नेमके तेव्हाच धड वाढून पोशाख काचू लागतो. भिंतीवरची रेघ खोटे सांगत नाही. ती अर्धेच सांगते. ह्यास्तव वाढीच्या वर्षांत दर तीन-चार महिन्यांनी, आणि पोशाख मागविण्याच्या दिवशी तर अवश्य, नव्याने माप घ्यावे.

तयार पोशाख अंगाला नीट बसला नाही, तर शिंप्याकडे जावे लागते. व्हाइटफील्डपासून सुमारे वीस किलोमीटरवर बंगळूरची जुनी पेठ आहे. 1638 साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. तेव्हापासून ह्या नगरीत मराठी वावरत आली आहे. नामदेव शिंपी आणि भावसार क्षत्रिय ह्या शिवणकामाची व रंगकामाची परंपरा असलेल्या समाजांची घरे तेथे आजही आहेत, आणि कित्येकांच्या घरांत कानडी वळणाची मराठी बोलली जाते. संत नामदेवांचे नाव सांगणाऱ्या ह्या परंपरेला माप म्हणजे काय, हे वेगळे शिकवावयाला नको. मात्र ताणणाऱ्या कापडाची शिवण निराळी असते. साध्या सरळ टाक्याने ते शिवले, तर पहिल्याच ताणाला दोरा तुटतो. त्याला ओव्हरलॉक किंवा नागमोडी टाका आणि गोल टोकाची सुई लागते. हे साधन आणि हा हात जेथे असेल, तेथेच असे काम द्यावे.

येथवर कापडाची कथा झाली. परंतु टेप ज्या अंगाभोवती फिरते, ते अंग एका मुलीचे आहे, आणि तिला कान आहेत. 'अगंबाई, सहा महिन्यांत केवढी जाड झालीस!' हे वाक्य कौतुकाने उच्चारले गेले, तरी ती ते कौतुक म्हणून ऐकेलच असे नाही. ह्या खेळाने लहानखुऱ्या शरीरांचे फार कौतुक केले आहे. 1976 साली माँट्रिऑल येथे नादिया कोमानेचीने ऑलिंपिकमधील पहिले पूर्ण दहा गुण मिळविले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे स्पर्धकांचे किमान वय वाढवावे लागले, आणि 1997 पासून वरिष्ठ स्त्री-स्पर्धकांसाठी ते सोळा झाले. वाढू नये म्हणून कमी खाणाऱ्या मुलींच्या बाबतीत काय घडते, हेही आता अज्ञात राहिलेले नाही. श्रमाच्या मानाने आहार तोकडा पडला, तर मासिक पाळी लांबते, हाडे कमकुवत होतात आणि वाढ खुंटू शकते, असा इशारा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 2014 साली दिला. लिओटार्ड घट्ट होणे ही वार्ता शरीराच्या आरोग्याची आहे. ती अपराधाची नोंद वाटता कामा नये. 'तू जाड झालीस' असे म्हणण्याऐवजी 'हा पोशाख आता लहान झाला' असे म्हणावे. वस्तुस्थिती तीच, पण पहिल्या वाक्यात दोष मुलीकडे जातो, दुसऱ्यात कापडाकडे.

वयात येणाऱ्या मुलीला आखूड पोशाखाचा संकोच वाटू लागला, तर तोही चेष्टेवारी नेऊ नये. 2021 साली बाझेल येथील युरोपीय स्पर्धेत आणि नंतर टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मन खेळाडू घोट्यापर्यंतचा पूर्ण पोशाख घालून उतरल्या. नियमांत त्याला मुभा आधीपासूनच होती. तिचा उपयोग करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. मुलीच्या स्पर्धेच्या नियमांत अशी मुभा आहे काय, हे प्रशिक्षिकेला आधी विचारून घ्यावे, आणि निवड मुलीवर सोपवावी.

पोशाख आल्यावर तो खुंटीवर लावून ठेवू नये. स्पर्धेपूर्वी पंधरवडाभर आधी तो घालून मुलीने हात उंच करावेत, कमान टाकावी, पाय दोन दिशांना ताणून बसावे, दोन उड्या माराव्यात. कोठेही बोट घालून कापड ओढावे लागले नाही, तर पोशाख बरोबर आहे. धुताना थंड पाणी वापरावे, क्लोरीन टाळावे आणि तो सावलीत वाळवावा. कारण क्लोरीन व उष्णता ह्यांनी धाग्याचा ताण मरतो. लहान झालेला पोशाख धाकट्या मुलीला द्यावा. चांगल्या स्थितीतील पोशाख असे एकीकडून दुसरीकडे गेले, तर खर्चाचा भारही हलका होतो, आणि आजीच्या काटकसरीचा मानही राहतो.

लिओटार्डच्या शिवणीत माया ठेवता येत नाही, हे खरे. परंतु ती ठेवावयाला दुसरी जागा आहे. माप घेणाऱ्या हातात आणि माप वाचणाऱ्या जिभेवर ती राखून ठेवावी. अंग वाढले, की तेथे ती उपयोगी पडते.