कामिरिथूचा उघडा रंगमंच

केनियातल्या नैरोबी विद्यापीठाच्या साहित्य विभागाचे प्रमुख न्गुगी वा थिओंगो १९७७ मध्ये नाटक घेऊन गेले ते थेट कामिरिथू गावात. गावकऱ्यांनीच उघडा रंगमंच उभारला; शेतमजूर, कारखान्यातले कामगार नट झाले. भाषा इंग्रजी नव्हे, त्यांचीच गिकुयू. विषय, गरिबाची लुबाडलेली जमीन. तालमीत हीच मंडळी प्राध्यापकांचे संवाद सुधारायची, हे मला भारी आवडतं! सरकारने काही आठवड्यांतच प्रयोग बंद पाडले. ३१ डिसेंबरला न्गुगींना अटक झाली. खटला नाही, आरोप नाही, तरी जवळपास वर्षभर तुरुंग. तिथे त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली, टॉयलेट पेपरवर. सुटल्यावर विद्यापीठातली नोकरी काही परत मिळाली नाही. १९८२ मध्ये पोलिसांनी तो रंगमंचही जमीनदोस्त केला.