ओळखपत्र कोणासाठी?

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मी ओळखपत्राविषयी चार गोष्टी सांगणार आहे. सरकारने प्रत्येक माणसाला ओळखपत्र घ्यायला लावावे की लावू नये, हा वाद जगात पुष्कळ वर्षे चालला आहे. शहाणी माणसे दोन्ही बाजूंना आहेत. हा वाद मोठ्या कोर्टात होतो, वर्तमानपत्रांत होतो. पण त्याचा परिणाम दिसतो तो रेशनदुकानाच्या दारात. म्हणून तो आपल्याला समजला पाहिजे.

पूर्वी गावात ओळख तोंडी असे. हा अमक्याचा नातू, ही तमक्या वाड्यातली सून, एवढे म्हटले की झाले. पण माणूस गाव सोडून गेला की ही ओळख वेशीवरच राहते. बीडकडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या फडावर जातो. तिथे त्याला कोण ओळखणार? बँकेत खाते काढायचे तर कागद हवा. रेशन घ्यायचे तर कागद हवा. ज्याचे घर आहे, सातबारा आहे, त्याच्याकडे कागदांची चळत असते. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याच्याकडे कागदही नाही. खरी गरज त्यालाच, आणि परत पाठवतात तेही त्यालाच.

म्हणून ओळखपत्र हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. ते म्हणतात, गरिबाच्या हातात एक पक्का कागद द्या. मग मधला दलाल जाईल. मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी धान्य उचलणार नाही. मजूर कुठेही गेला तरी त्याचा हक्क त्याच्याबरोबर जाईल. यातले काही घडलेही आहे. २०१९ पासून एका राज्याचे रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालवण्याची सोय सुरू झाली आणि २०२२ पर्यंत ती सगळ्या देशात पोचली. ही सोय आधार क्रमांकाच्या जोरावर चालते.

आधारची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात झाली, बरं का. नंदुरबार जिल्ह्यात शहादे तालुक्यात टेंभली नावाचे आदिवासी गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक तिथल्या गावकऱ्यांना दिले गेले. स्वतः पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. बारा आकड्यांचा क्रमांक, दहा बोटांचे ठसे, दोन डोळ्यांचे चित्र आणि एक फोटो, असे ते काम.

मग वाद कशाचा? कागद चांगला, तर तो सगळ्यांना सक्तीने द्यावा, यात वाईट काय?

याचे उत्तर कळायला दोन जुन्या हकीकती ऐका. पहिली दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या ट्रान्सवाल प्रांतात १९०७ साली एक कायदा झाला. प्रत्येक हिंदी माणसाने सरकारात नोंद करायची, बोटांचे ठसे द्यायचे आणि परवाना जवळ बाळगायचा. पोलिसाने मागितला की दाखवायचा. गोऱ्या माणसाला यातले काही नाही. गांधीजी तेव्हा तिथे वकिली करत होते. त्यांनी लोकांना सांगितले, हा अपमान आहे, नोंद करू नका. ते तुरुंगात गेले.

पुढे सरकारशी तडजोड झाली. लोकांनी आपखुशीने नोंद करावी, म्हणजे सरकार कायदा मागे घेईल, असे ठरले. गांधीजी १९०८ च्या फेब्रुवारीत स्वतः नोंद करायला निघाले. वाटेत आपल्याच एका चिडलेल्या माणसाने त्यांना मारले. त्याला वाटले, गांधींनी दगा दिला. तरीही गांधीजींनी नोंद केली. म्हणजे बघा, नोंद करायला त्यांची ना नव्हती. पण कायदा काही मागे घेतला गेला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात लोक जमले आणि दोन हजारांहून अधिक परवाने मोठ्या कढईत घालून जाळले. भांडण कागदाशी नव्हते. एका जातीच्या माणसांना संशयित धरून त्यांच्या गळ्यात तो बांधला, याच्याशी होते. त्याच देशात काळ्या लोकांनाही पासाची सक्ती होती. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल गावात लोक त्या पासांविरुद्ध जमले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेली.

दुसरी हकीकत इंग्लंडची. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि तिथे सगळ्यांना ओळखपत्र दिले गेले. लोकांनी ते मानले. युद्धाचा काळ, रेशनचा काळ. १९४५ साली युद्ध संपले, पण ओळखपत्र संपले नाही. डिसेंबर १९५० मध्ये विलकॉक नावाचा एक गृहस्थ मोटार चालवत होता. पोलिसाने अडवले आणि ओळखपत्र मागितले. त्याने दाखवायचे नाकारले. खटला वरच्या कोर्टात गेला. कायदा होता, म्हणून तो दोषी ठरला. पण मुख्य न्यायमूर्ती गॉडर्ड यांनी सरकारचे कान उपटले. कायदा युद्धासाठी केला होता. तो भलत्याच कामाला वापरला, तर सरळ माणसेही कायदा मोडणारी ठरतात आणि पोलिसांवर त्यांचा राग होतो, असे त्यांनी सुनावले. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती ओळखपत्रे बंद झाली. २००६ साली पुन्हा तसा कायदा केला, तो २०१० मध्ये रद्द करावा लागला. २०२५ साली तिथे हा वाद पुन्हा उठला.

या हकीकतींतून काय घ्यायचे? ओळखपत्र म्हणजे विळी. भाजी चिरायला घरात विळी लागतेच. पण तिची धार कुणाकडे आहे, हे पाहावे लागते. मी माझा हक्क मागायला कागद पुढे करतो, तेव्हा कागद माझा चाकर असतो. कोणीही, कुठेही, कशासाठीही तो मागू लागला आणि नसेल तर मला माणूसच धरेना, म्हणजे कागद माझा धनी झाला.

आता आपल्या देशाकडे या. २००३ साली नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. प्रत्येक नागरिकाची सक्तीने नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याचा अधिकार सरकारने तिच्यात घेतला. आधार ही वेगळी गोष्ट आहे. २०१६ च्या आधार कायद्याप्रमाणे आधार हा इथे राहणाऱ्याचा हक्क आहे. तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, असेही कायद्यात लिहिले आहे. पण सरकारी मदतीला आधार हवे म्हटल्यावर, ज्याचे पोट मदतीवर आहे त्याला ती सक्तीच झाली.

या प्रश्नावर पुट्टस्वामी नावाचे निवृत्त न्यायाधीश २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की माणसाचे खाजगीपण हा त्याचा मूलभूत हक्क आहे. २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी आधारचा निकाल दिला. चौघांनी कायदा राखला, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी विरोधी मत दिले. सरकारी मदत आणि प्राप्तिकर यांसाठी आधार मागता येईल, असे ठरले. पण बँक खाते आणि मोबाईल यांना आधार जोडण्याची सक्ती रद्द झाली. शाळेत मुलाचे नाव घालायला आधारची सक्ती करता येणार नाही, असेही ठरले.

तरी माझ्या मते मुख्य प्रश्न वेगळाच आहे. चूक झाली, तर भुर्दंड कोणी सोसायचा?

चूक होणारच. मी शाळेत आयुष्य घालवले, म्हणून सांगतो. आपल्याकडे जुन्या माणसांची जन्मतारीख पाहा. किती जणांची १ जून निघते! ते सगळे काही १ जूनला जन्मले नव्हते. घरी तारीख ठाऊक नसे आणि शाळा जूनमध्ये सुरू होई, म्हणून दाखल्यावर १ जून पडे. बायकांचे आणखी वेगळे. माहेरी सखू, सासरी सरस्वती. एका कागदावर बापाचे नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचे. माणूस एकच, पण यंत्राला दोन दिसतात.

आणि अंगठा! साक्षरतेच्या वर्गात आपण म्हणत आलो, अंगठा सोडा, सही करा. तुम्ही कष्टाने सही शिकलात. आता दुकानातले यंत्र म्हणते, सही नको, अंगठा आण. तो अंगठा विटा उचलून, भांडी घासून, खुरपणी करून झिजलेला असतो. साहेबाच्या अंगठ्याच्या रेघा शाबूत राहतात, राबणाऱ्याच्या पुसतात. म्हणजे जो जास्त राबला, त्याचीच ओळख पटत नाही. हा कुठला न्याय?

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मेली. आधार जोडले नाही म्हणून घरचे रेशनकार्ड यादीतून गेले होते. ती भुकेने गेली, असे घरचे म्हणाले. मलेरियाने गेली, असे अधिकारी म्हणाले. पण धान्य बंद होते, हे तर खरे. त्यानंतर ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना लेखी कळवले, की केवळ आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये. चूक कागदाची असेल, तर उपाशी माणसाने का राहावे? दोष दुरुस्त होईपर्यंत धान्य चालू ठेवा आणि चौकशी मागाहून करा. एवढे ज्या देशात पाळले जाईल, तिथे ओळखपत्राला माझी हरकत नाही. जिथे पाळले जात नाही, तिथे सक्तीची भाषा कोणी काढू नये. हे माझे मत. तुमचे निराळे असेल, तर वर्गात उभे राहून सांगा.

आता आपण काय करायचे?

एक. आपले कार्ड स्वतः वाचा. नाव, जन्मतारीख, पत्ता, अक्षर न् अक्षर वाचा. चूक असेल तर गरज पडण्याआधी दुरुस्त करून घ्या.

दोन. कोणी आधार मागितले तर विचारा, “कशासाठी? कोणत्या नियमाने?” विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तीन. “अंगठा येत नाही, जा,” असे कोणी म्हणाले तर जाऊ नका. डोळ्याने पाहता येते, मोबाईलवर आकडा येतो, तेही नसेल तर वहीत नोंद करता येते. दुकानदार ऐकत नसेल, तर तहसीलदाराकडे लेखी अर्ज करा आणि अर्जाची पोच घ्या. आधारची तक्रार १९४७ या क्रमांकावर फोन करूनही सांगता येते.

चार. मोबाईलवर आलेला आकडा परक्याला सांगू नका. कागद न वाचता अंगठा देऊ नका, सहीही करू नका.

पाच. शेजारच्या म्हातारीचे धान्य अडले असेल, तर तिच्याबरोबर दुकानापर्यंत चला. तिला वाचता येत नाही, तुम्हाला येते.

ओळखपत्र माणसासाठी आहे. माणूस ओळखपत्रासाठी जन्मलेला नाही. एवढे ध्यानात ठेवा.